तांड्यासोबत चालणारी तोफ

सुरतेहून येणारा रस्ता नवापूर ओलांडून विसरवाडीत पोचतो. तिथून एक फाटा खांडबाऱ्यावरून नंदुरबारला जातो आणि मुख्य रस्ता कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल, साक्री, धुळे अशी वाट धरतो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३ तो हाच. हजिऱ्याच्या बंदरापासून निघून तो खानदेश, वऱ्हाड आणि नागपूर-भंडारा पार करत पूर्व किनाऱ्याकडे जातो. डांबर पडण्याच्या कितीतरी आधीपासून या टापूतून सुरत आणि बुऱ्हाणपूर यांच्यामधला माल जात होता. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरला गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच वाटेने अनेकदा फिरला. नवापूरच्या बारीक, शिजल्यावर कस्तुरीसारखा दरवळणाऱ्या तांदळाचे त्याने मनापासून कौतुक केले आहे. प्रवासाच्या व्यवस्थेबद्दलही त्याने बारकाईने लिहिले आहे. दहा-बारा हजार बैलांचे तांडे समोरून आले की अरुंद वाटेवर दोन-दोन दिवस खोळंबावे लागे, आणि इभ्रतीने प्रवास करायचा तर धनुष्यबाण किंवा बंदुका घेतलेले वीस-तीस शिपाई महिन्याच्या पगारावर सोबत ठेवावे लागत. हे शिपाई ठाण्यात बसून राहत नसत. गाडी चालली की ते चालत आणि मुक्काम पडला की गाडीभोवती बसत.

विमान आणि ड्रोन यांच्यापासून चालत्या सैन्याचे रक्षण करणाऱ्या तोफगाड्यांचा इतिहास समजून घ्यायला मला ही सोबतीची जुनी रीत फार महत्त्वाची वाटते. या गाड्यांची चर्चा होते ती बहुधा यंत्र म्हणून: नळ्या किती, क्षेपणास्त्रे किती, मारा किती किलोमीटरचा. माझे म्हणणे असे की चालते संरक्षण ही मुळात सोबतीची आणि पुरवठ्याची व्यवस्था आहे. ज्यांनी ती यंत्राची खरेदी समजून हाताळली ते दरवेळी उघड्यावर पडले. खानदेशाने याचा एक धडा जमिनीवर आधीच पाहिला होता. पेशवाईच्या अखेरीस भिल्ल नाईकांचे राखणीचे हक्क बुडाले आणि घाटवाटा बिघडल्या. १८१८ नंतर कंपनी सरकारने डोंगरात फौजा धाडल्या, चौक्या बसवल्या, पण सात वर्षे बंदोबस्त काही बसला नाही. १८२५ मध्ये कंपनीचा अधिकारी आउट्रम याने धरणगावात भिल्ल पलटण उभारली, म्हणजे ज्यांना वाटा पायाखालच्या होत्या त्यांनाच राखणीला घेतले, तेव्हा चित्र पालटू लागले. त्या पलटणीने कोणाची सत्ता पक्की केली हा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण ठाण्यात बसलेली राखण आणि वाटेवर फिरणारी राखण यांतला फरक त्या सात वर्षांनी दाखवून दिला.

आकाशातून धोका येऊ लागला तेव्हा हाच घोळ नव्याने घातला गेला. भारतीय जवानांना विमानवेधी तोफांचे शिक्षण देण्याची सुरुवात १९४० साली मुंबईत कुलाब्याला झाली. पुढच्या वर्षी कराचीत प्रशिक्षण केंद्र निघाले आणि फाळणीनंतर हे काम नाशिकजवळच्या देवळालीत, तोफखान्याच्या शाळेत आले. चार दशके देशाचे विमानवेधी तोफची देवळालीच्या माळावर घडले. १९८९ मध्ये ही शाखा ओडिशातल्या गोपाळपूरला, समुद्रावर गोळीबार करता येईल अशा जागी हलली आणि १९९४ मध्ये तोफखान्यापासून अलग होऊन सेना हवाई संरक्षण दल स्वतंत्र झाले. 'आकाशे शत्रून् जहि' हे त्याचे ब्रीद. या साऱ्या काळात विमानवेधी तोफेची जागा म्हणजे गोदी, पूल, धावपट्टी, रडार. तोफ ट्रकमागे ओढत न्यायची, पाय पसरून जमिनीत रोवायची आणि आकाशाकडे तोंड करून वाट पाहायची. एका जागी असलेल्या गोष्टीचे रक्षण एका जागी बसलेली तोफ करू शकते, त्यामुळे या पद्धतीत वावगे काही नव्हते. अडचण आली ती रणगाड्यांच्या तुकड्या दिवसाला पन्नास-पन्नास किलोमीटर पुढे सरकू लागल्या तेव्हा. रोवलेली तोफ मागे राहिली आणि पुढे गेलेल्यांच्या डोक्यावर छत्र उरले नाही.

लोंगेवाला हे याचे आपल्या परिचयाचे आणि अतिशय बोलके उदाहरण आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाड्यांची मोठी तुकडी राजस्थानच्या वाळवंटात घुसली. समोर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची २३ पंजाबची एक कंपनी, जेमतेम शंभर-सव्वाशे माणसे. रात्र त्या जवानांनी काढली आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमाने आली. मग जे झाले त्याला लढाई म्हणणेही कठीण आहे. पाकिस्तानी तुकडीवर स्वतःच्या विमानांचे छत्र नव्हते आणि तिच्यासोबत चालणारी विमानवेधी तोफही नव्हती. होत्या त्या रणगाड्यांच्या टपावरच्या मशीनगन. तीसहून अधिक रणगाडे वाळवंटात राहिले. आपल्याकडे ही कथा शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच, पण तिच्यातला दुसरा अर्थ आपल्या बाजूलाही तितकाच लागू होता. सोबतीशिवाय निघालेली कोणतीही तुकडी, मग ती कोणाचीही असो, हंटरसमोर तशीच उभी राहिली असती. दोनच वर्षांनी, १९७३ च्या ऑक्टोबरात, सुएझच्या काठावर उलट बाजू दिसली. इजिप्तच्या सैन्यासोबत सोव्हिएत बनावटीची क्षेपणास्त्रे होती. ती चुकवायला इस्रायली वैमानिक खाली उतरत आणि खाली शिल्का नावाच्या चार नळ्यांच्या गाड्या त्यांची वाटच पाहत असत. त्या युद्धात इस्रायलची शंभराच्या आसपास विमाने पडली. भारताने याच दशकात शिल्का घेतली.

ही गाडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण माझा सगळा मुद्दा तिच्या पोटात दडलेला आहे. सुमारे वीस टनांची, पट्ट्यांवर चालणारी. चपट्या मनोऱ्याच्या पुढे २३ मिलिमीटरच्या चार नळ्या, दोनावर दोन अशा बसवलेल्या आणि पाण्याने थंड राहणाऱ्या. मनोऱ्याच्या मागच्या अंगाला रडारची गोल थाळी, प्रवासात मिटवून ठेवता येणारी. आत चालक, कमांडर, तोफची आणि रडार पाहणारा अशी चार माणसे. चारही नळ्या मिळून मिनिटाला ३,४०० गोळ्यांचा वेग आणि गाडीत साठा सुमारे २,००० गोळ्यांचा. आता हिशेब करून पाहा. घोडा दाबून धरला तर पस्तीसेक सेकंदांत गाडी रिकामी होते. म्हणूनच तोफचीला छोट्या छोट्या झटक्यांत मारा करायला शिकवले जाते आणि म्हणूनच या गाडीच्या मागे दारूगोळ्याचा ट्रक असावाच लागतो, त्या ट्रकमागे डेपो लागतो आणि डेपोमागे कारखाना. अडीच किलोमीटर मारा करणारे हे हत्यार शेकडो किलोमीटर लांबीच्या साखळीचे पुढचे टोक आहे. साखळीतली एक कडी निखळली की उरते ती चार नळ्यांची लोखंडी पेटी.

आपल्या खरेदीच्या इतिहासात ही समज फार उशिरा आणि फार तुटक दिसते. १९८३ च्या एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमात त्रिशूल हे ९ किलोमीटर पल्ल्याचे, गाडीवरून डागायचे क्षेपणास्त्र होते. ते पंचवीस वर्षे रखडले आणि २००८ मध्ये कार्यक्रम बंद झाला. त्याच कार्यक्रमातले आकाश मात्र तगले, आणि त्याच्या यशात पुण्याजवळच्या दिघीच्या संरक्षण संस्थेने घडवलेल्या डागयंत्राच्या गाडीचा वाटा क्षेपणास्त्राइतकाच आहे. पण आकाश पंचवीस-तीस किलोमीटरचे. अगदी जवळची, तुकडीसोबत चालणारी फळी शिल्का, तुंगुस्का, ओसा आणि स्ट्रेला या गाड्यांवरच टेकून राहिली. मार्च २०१२ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांनी पंतप्रधानांना लिहिलेले पत्र फुटले. सेनेचे हवाई संरक्षण ९७ टक्के कालबाह्य आहे, असे त्यात म्हटले होते. पत्र फुटले कसे यावर देशभर रणे माजली, त्यातल्या आकड्यावर फारसे कोणी थांबले नाही. २०१३ मध्ये नव्या तोफ-क्षेपणास्त्र गाड्यांसाठी निविदा निघाली, चाचण्या झाल्या, दक्षिण कोरियाच्या हान्व्हा कंपनीची बिहो ही गाडी पुढे राहिली आणि २०२० मध्ये ती प्रक्रियाच गुंडाळली गेली. त्या निविदेतले आकडे मात्र मला मोलाचे वाटतात: १०४ तोफगाड्या, ९७ दारूगोळा वाहून नेणाऱ्या गाड्या आणि ३९ आदेशगाड्या. जवळजवळ तोफेला एक ट्रक. ज्याने कोणी हा प्रस्ताव लिहिला त्याला शिल्काचे पस्तीस सेकंद नीट ठाऊक होते. खरेदीचे घोंगडे भिजत पडले तेव्हा फक्त १०४ तोफा हुकल्या नाहीत, ही पूर्ण साखळी हुकली.

इथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच हान्व्हाची के-९ तोफ वज्र या नावाने हजिऱ्यात, म्हणजे विसरवाडीवरून जाणाऱ्या महामार्गाच्या पहिल्या टोकाला, लार्सन अँड टुब्रोने जुळवली. २०१७ चा करार, ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत सेनेत समावेश, फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी तोफ सुपूर्द, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी शंभरांची मागणी. दूरवर गोळे फेकणाऱ्या तोफेचे काम वेळेत होते आणि तिच्या डोक्यावर छत्र धरणाऱ्या गाडीचे होत नाही. याचे कारण कारागिरीत सापडणार नाही. पुढे चाल करणारे हत्यार नजरेत भरते आणि राखण करणारे खर्चाच्या रकान्यात शेवटी जाते, हे मला खरे कारण दिसते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. २०२० च्या शरद ऋतूत नागोर्नो-काराबाखमध्ये ४४ दिवसांचे युद्ध झाले. अझरबैजानच्या तुर्की ड्रोनांनी आर्मेनियाच्या ओसा आणि स्ट्रेला गाड्या एकामागून एक टिपल्या, आणि त्याची चित्रे जगाने पाहिली. ज्या गाडीने ड्रोन पाडायचा तीच ड्रोनची शिकार होत असेल, तर अशा गाड्या घ्यायच्याच कशाला? आक्षेप खोटा नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्या आपल्याकडेही आहेत, त्यामुळे तो झटकून टाकणे बेजबाबदारपणाचे होईल. पण त्या गाड्या कशा मेल्या ते पाहिले पाहिजे. त्या उघड्यावर, एकेकट्या होत्या. त्यांचे रडार मोठ्या, वेगवान विमानांसाठी बांधलेले, सावकाश उडणारी छोटी आकृती त्याला नीट दिसत नसे. वरच्या उंचीवर मारा करणारी फळी आणि खालची तोफ यांच्यात एकमेकांना खबर देणारी व्यवस्था तुटपुंजी होती. म्हणजे ताव्हर्नियेच्या तीस शिपायांतला एकेक जण वेगवेगळ्या टेकडीवर उभा केला होता. काराबाखने गाडीचा निकाल लावला नाही, गाडीच्या एकटेपणाचा लावला.

दुसरा पुरावा मे २०२५ चा आहे. ८ मेच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानचे ३०० ते ४०० ड्रोन आले, असे सरकारने सांगितले. ते पाडायला पुढे आल्या त्या बोफोर्सची एल-७०, झू-२३ आणि शिल्का: साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्यांच्या, पण नवी रडारे आणि नवे डोळे बसवलेल्या तोफा. त्यांना वरून चित्र पुरवणारे आकाशतीर हे जाळे त्यांच्या पाठीशी होते. यात जुन्याचा गौरव करण्यासारखे काही नाही, हिशेब साधा आहे. ज्वारीवर उतरणाऱ्या पाखरांना शेतकरी गोफणीने हाकतो, प्रत्येक पाखरामागे काडतूस जाळत नाही. काही हजार रुपयांच्या ड्रोनवर कोट्यवधींचे क्षेपणास्त्र सोडणारे सैन्य आकाशात जिंकून तिजोरीत हरते. तोफेचा गोळा हा तोल सावरतो, मात्र गोळा हाताशी असला तर. युक्रेनला जर्मनीने गेपार्ड या विमानवेधी तोफगाड्या दिल्या, ज्या जर्मन सैन्याने २०१० मध्येच सेवेतून काढल्या होत्या. इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनांपुढे त्या उत्तम ठरल्या आणि लगेच गोळ्यांपाशी घोडे अडले. गोळे स्वित्झर्लंडचे होते आणि स्विस सरकारने ते युद्धात पाठवायला परवानगी नाकारली. जर्मनीला हे ३५ मिलिमीटरचे गोळे बनवण्याची सोय घरीच नव्याने उभारावी लागली. गाड्या होत्या, तोफची शिकून तयार होते, आणि साखळीची एक कडी दुसऱ्या देशाच्या मर्जीवर लटकत होती.

लहरी बिघडवून ड्रोन पाडता येतो किंवा लेझरने जाळता येतो, मग गोळ्यांची चिंता कशाला, असेही विचारले जाते. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलला डीआरडीओने ३० किलोवॅटचे लेझर हत्यार गाडीवरून चालवून दाखवले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण युक्रेनच्या आघाडीवर काचतंतूची तार सोडत जाणारे ड्रोन आले आहेत, त्यांना बिघडवण्यासारखी लहरच नसते. आधीच ठरवून दिलेल्या वाटेवर जाणारा शाहेदही लहरी तोडल्या म्हणून थांबतोच असे नाही. लेझरला धूळ, धुके आणि पाऊस सोसत नाहीत. सह्याद्रीच्या या उत्तर टोकाचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. नवी साधने आपापल्या जागी बसतील, तोफेची जागा मात्र रिकामी होणार नाही.

मग विसरवाडीने याची फिकीर का करावी? सीमा शेकडो किलोमीटर दूर आहे, तालुक्यात कुपोषण आहे, दवाखान्याला डॉक्टर हवे आहेत. हा आक्षेप मला सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि त्याचे उत्तर 'आधी संरक्षण, मग बाकी' असे देणे मला मान्य नाही. पण दूरपणाचे गृहीतक आता तपासावे लागेल. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालट्रकांत दडवलेले ड्रोन रशियात खोलवर नेले आणि पार सैबेरियातल्या इर्कुट्स्क भागातल्या विमानतळावरची बाँबफेकी विमाने पेटवली. त्या दिवसापासून आघाडी आणि पिछाडी यांतली रेघ पुसट झाली आहे. विसरवाडीच्या परिसरातच, गुजरातच्या हद्दीत, उकाईचे धरण आणि काक्रापारचे अणुवीज केंद्र आहे. उकाईच्या पाण्याखाली नवापूर-नंदुरबारकडच्या आदिवासींची गावेही गेली. राष्ट्रीय प्रकल्पांची किंमत या मुलखाने आधीच भरली आहे, तेव्हा त्या प्रकल्पांच्या राखणीचा विचार करताना त्याला बाहेरचा समजणे अन्यायाचे ठरेल. आणि राखण करायचीच असेल तर जवळच्या पल्ल्याची, स्वस्त गोळ्याची, हलवता येणारी राखण ही दवाखान्याच्या पैशाला सर्वांत कमी हात घालणारी आहे.

हाच महामार्ग पूर्वेकडे धरला की साखळीच्या उरलेल्या कड्या एकेक करून भेटतात. भुसावळजवळ वरणगावचा आयुध कारखाना, नागपूरला अंबाझरी, नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावला सोलर उद्योगसमूहाचे कारखाने, पुढे भंडाऱ्याजवळ जवाहरनगर. याच सोलरच्या संरक्षण कंपनीने १३ मे २०२५ रोजी गोपाळपूरच्या समुद्री माऱ्याच्या मैदानावर भार्गवास्त्राची चाचणी घेतली. सहा ते दहा किलोमीटरवरून छोटे ड्रोन हेरायचे आणि अडीच किलोमीटरपर्यंत लहान रॉकेटांच्या झुंडीने पाडायचे, ही त्याची कल्पना. गाडीवर बसवून ते हवे तिथे नेता यावे, असा त्याचा आराखडा आहे. तिकडे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेने टाटांबरोबर आठ चाकांची चिलखती गाडी घडवली आहे. सांगाडा, रडार, गोळा, रॉकेट, यातले बहुतेक सगळे आज या राज्यात किंवा त्याच्या उंबऱ्यावर बनते. पण या कड्या माणसांनी घडतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या स्फोटात नऊ कामगार गेले, त्यांत सहा बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात आठ गेले. तोफ किती किलोमीटर मारते याचे आकडे छापणारी वर्तमानपत्रे या सतरा जणांना आठवड्याभरात मागे टाकून पुढे जातात. हवाई संरक्षणाच्या हिशेबात स्फोटकांच्या शेडमधली भिंत, दोन शेडमधले अंतर आणि कामाच्या पाळीचे तास यांना तोफेच्या नळीइतकीच जागा असायला हवी, कारण शेड उडाली की आघाडीवरची गाडी पस्तीस सेकंदांनंतर मुकी होते. पुढची निविदा निघेल तेव्हा तिच्यात तोफगाड्यांच्या शेजारी दारूगोळ्याच्या गाड्या पुन्हा एकास एक असाव्यात आणि तो गोळा भरणाऱ्या शेडच्या सुरक्षिततेचा खर्च त्याच किमतीत धरलेला असावा.